खिडकीकडे तोंड करून

हमीदा,

तू जळगावला हसनैनकडे गेल्यापासून तुझी गोष्ट गल्लीत जो तो आपापल्या मापानं शिवतोय. कोणी म्हणतं टोळी होती, कोणी म्हणतं गुंगीचं औषध दिलं. परवा तर भाजीवालीनं मलाच ऐकवलं, की त्या माणसानं तुझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तुला भूल पडली. मी म्हटलं, बाई, कोथिंबीर दे आणि गप बैस. टोळी नाही, औषध नाही, भूल तर नाहीच. जे झालं ते भरदिवसा, चहाच्या वेळेला, दोन शुद्धीवरच्या बायका घरात असताना झालं.

तेव्हा एकदाच नीट लिहून टाकते. 'तू असं केलंस, तू तसं केलंस' म्हणत गेले तर तू 'ऐका ना अक्का' करून मधेच तोंड घालशील. म्हणून तुला जरा बाजूला बसवते आणि हमीदा नावाच्या एका बाईची गोष्ट सांगते. कुठं चुकलं तर ये आणि सांग.

धुळ्याच्या जुन्या भागात ही गल्ली. रिक्षा आत शिरली तर समोरच्या सायकलीनं मागं फिरावं एवढीच रुंद. तिच्या टोकाला हमीदाचं घर. नवरा युसूफ पत्र्याच्या पेट्या आणि कपाटं बनवायचा. लग्नसराईत त्याच्या ठोकठोकीनं गल्लीत दुपारी कोणाचा डोळा लागत नसे. त्यानं शेवटचं मोठं काम केलं ते स्वतःच्या घरासाठी. जाड पत्र्याचं, हिरव्या रंगाचं कपाट, असं जड की जिथं ठेवलं तिथंच राहिलं. त्याच्या दाराला एक करकर होती. युसूफ म्हणायचा, तेल घालतो. घालायच्या आधीच गेला. मग हमीदानंही घातलं नाही.

हमीदाकडे त्या कपाटात ठेवायला होतं काय? निकाहाचा जोडा, घराचे कागद, युसूफची टोपी. बाकी खण रिकामे. ते भरले शेजारणींनी, आणि सुरुवात केली झुंबरबाईनं.

झुंबरबाई म्हणजे लागून घर. दवाखान्यात आया होती. नवरा लवकर गेला, पदरात मृणाली, आणि घराच्या दाराला धड कडी नाही. पोटाला चिमटा घेऊन तिनं सोन्याचे थोडे मणी केले, ते निळ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले आणि हमीदाकडे आली. "तुझ्या कपाटात ठेवू का?" हमीदानं दार उघडलं. झुंबरबाई पुरचुंडी मुठीत घेऊन तशीच उभी.

"ठेव ना," हमीदा म्हणाली.

"तू तिकडं बघ ना जरा. एवढंसं तर शे. तुझ्यासमोर ठेवायची लाज वाटते," ती अर्ध्या अहिराणीत म्हणाली.

हमीदा वळली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खिडकीबाहेर विजेचा खांब. खांबाकडे बघत तिनं विचारलं, "झालं का गं?"

"झालं."

तोच रिवाज पडला. उन्हाळ्यात कोणी लग्नाला निघालं, कोणी बाळंतपणाला माहेरी चाललं, की हमीदाकडे यायचं. करकर करत दार उघडायचं, हमीदानं खिडकीकडे तोंड करायचं, आलेलीनं आपलं गाठोडं आपल्या हातानं ठेवायचं. "झालं का गं?" "झालं." कोणाचं काय कुठल्या खणात आहे ते जिचं तिला ठाऊक. हमीदा म्हणायची, "दुसऱ्याची अमानत डोळ्यांनीसुद्धा मोजायची नसते." गल्लीतल्या बायका कमी नव्हेत. त्या म्हणायच्या, हमीदाला कपाटात काय आहे ते विचारू नका, तिला विजेच्या खांबाबद्दल विचारा, त्यावर कावळा किती वेळा बसला ते सांगेल.

वर्षं गेली. मृणाली शिकली, अमळनेरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागली, तिथलाच मुलगा ठरला. निळ्या पुरचुंडीतल्या मण्यांची पोत झाली, मग कानातले आले, मग पाटल्या. प्रत्येक वेळी झुंबरबाई आली, हमीदा वळली, खांब पाहिला. आपल्या शेजारणीचं सोनं कसं दिसतं हे हमीदाला माहीत नव्हतं. पण वजन तिच्या मनावर होतं. हळदीच्या दिवशी ती पुरचुंडी जशीच्या तशी झुंबरबाईच्या हातात पडली, की सुटले, असं ती मला उन्हाळाभर म्हणत होती.

आणि लग्न तोंडावर आलेलं असताना किल्ली मोडली. अर्धी हमीदाच्या बोटांत, अर्धी कुलपात.

सून हुमा, हसनैनची बायको, लग्नासाठी जळगावहून आलेली होती. ती म्हणाली, "आतिफभाईला फोन करते."

आतिफ म्हणजे हमीदाच्या बहिणीचा मुलगा. बसस्टँडकडे त्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान. गल्लीत कोणाचंही कुलूप अडलं की आतिफच येतो. पण हमीदा म्हणाली, "नको. तो पैसे घेत नाही. मागं दाराची कडी बसवून गेला, मी पाकीट आणेपर्यंत गाडीला किक मारून पसार. घरात तीन पोरं आहेत त्याच्या. सारखं फुकटचं काम सांगायला जीभ रेटत नाही."

आता बघा. आपल्या माणसाला तोशीस नको म्हणून परका माणूस घरात घ्यायचा, हे आपल्याकडचं शहाणपण. भिडेपोटी आपण काय काय गमावतो याचा हिशेब कोणी करत नाही.

हुमानं मोबाइलवर शोधलं. 'धुळे एक्सप्रेस चावी सेवा.' खाली पत्ता धुळ्याचा, शेजारी लोकांनी दिलेल्या चांदण्याच चांदण्या. तिनं फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "हां, बोलिए, कौनसा शहर?"

हुमानं शहर सांगितलं. पैसे किती, तर देखने के बाद. कोण येईल, तर कोई भी आ जाएगा. फोन ठेवून ती सासूला म्हणाली, "अम्मी, पाटी धुळ्याची आणि विचारतो कुठलं शहर."

"मोठं दुकान असेल. पुष्कळ फोन येत असतील."

हुमाच्या मनात पाल चुकचुकली होती. पण सासूपुढं किती बोलायचं, म्हणून ती गप्प बसली. मी तिला नंतर सांगितलं, पोरी, ज्याला आपलं दुकान कोणत्या गावात आहे हे माहीत नाही त्याला आपलं घर दाखवू नये. पण नंतरच्या सांगण्याला काय अर्थ.

माणूस आला तो नीटनेटका. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. दारात चपला काढल्या, "सलाम खाला" म्हणाला, पाणी मागून प्यायला, कुलपाला हात लावायच्या आधी बिस्मिल्ला म्हणाला. हमीदा तिथंच विरघळली. तरी तिनं सावधपणा सोडला नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली आणि त्याच्या हातावरची नजर तिनं काढली नाही. त्यानं मोडका तुकडा काढला, नव्या किल्लीला कानस मारली. मग ती हुमाकडे दिली. "भाभी, इसे गॅस पे लाल करो और तेल में डुबाओ. कच्ची है, टूट जाएगी."

हुमा सांडशी घेऊन स्वयंपाकघरात गेली. त्यानं पिशवीतून एक आकडा काढला, कुलपात घातला, मनगट फिरवलं. दार उघडलं.

करकर.

आणि हमीदा वळली. तिनं ठरवलं नाही, विचार केला नाही. जन्मभर ती करकर ऐकली की तिची मान खिडकीकडे जायची, तशी गेली. इतका वेळ घारीसारखी बघत उभी असलेली बाई, नेमकं बघायचं तेव्हा पाठ करून उभी राहिली. खांबाच्या तारेला पतंगाची शेपटी अडकली होती, ती तिला आठवते. तिनं सवयीनं विचारलंसुद्धा, "झालं का?"

मागून आवाज आला, "बस खाला. हो गया."

दार लागलं. हुमा किल्ली घेऊन आली, ती त्यानं कुलपात फिरवून दाखवली, मऊ लोण्यासारखी फिरली. म्हणाला, "कल शाम तक खोलना मत. अंदर का खटका बैठने दो." पैसे हुमाला वाटले होते त्याहून कमीच घेतले. चहा प्यायला. जाताना हमीदाला म्हणाला, "दुआ में याद रखना."

ती ठेवत होती. मृणालीच्या लग्नापर्यंत रोज ठेवत होती.

मी शिकलेली बाई आहे आणि मला उपदेशाची हौस नाही, पण एवढं लिहिल्याशिवाय हात पुढं सरकत नाही. किल्लीवाला ज्याचं दुकान उद्याही तिथंच असेल असाच बोलवावा, त्याचं नाव आधी विचारावं. तो काम सांगून घरातल्या माणसाला दुसऱ्या खोलीत पाठवायला लागला, तर काम तिथंच थांबवावं. अमुक वेळेपर्यंत उघडू नका म्हणाला, तर त्याच्या देखत उघडावं. आणि आपणहून मजुरी कमी करणारा कारागीर मी माझ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

हळदीचा दिवस आला. झुंबरबाई सकाळीच आली, नवं लुगडं नेसून. करकर. खिडकी.

"झालं का गं?"

"झालं. जड लागते गं, हमीदा," झुंबरबाई म्हणाली. "माझी मलाच जड लागते."

दोघी हसल्या. निळी पुरचुंडी पदराखाली धरून झुंबरबाई गेली, आणि हमीदानं भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. सुटले. मग ती नवरीसाठी शेवया परतायला बसली.

झुंबरबाईच्या घरी पाटावर मृणाली, भोवती पाहुण्या. मामा चुडामण आदल्या दिवशीच गावाहून आलेला. आवाजानं मोठा, भाचीवर जीव. झुंबरबाईनं सगळ्यांसमोर गाठ सोडली. गाठ तिचीच वाटत होती. कापड तिचंच होतं.

आत गंजक्या किल्ल्या होत्या. लहान, मोठ्या, पितळी, लोखंडी, मूठभर जुन्या किल्ल्या.

हळद लावणारीचा हात मृणालीच्या गालापाशी तसाच थांबला. एका म्हाताऱ्या आत्यानं वाकून विचारलं, "हाई काय शे?" झुंबरबाई एकेक किल्ली उचलून खाली बघत होती, जणू त्यांच्या खाली पोत असेल.

शेवटी चुडामण म्हणाला, "बठ्ठ्या किल्ल्याच शेतस." मग, आवाज न चढवता: "त्या बाईचा भाचा काय धंदा करतो?"

त्या प्रश्नानं जे केलं ते त्या चोरानंही केलं नव्हतं.

हमीदा शेवयांची ताटली झाकत होती तेव्हा ही सगळी दारात आली. चुडामणनं किल्ल्या चटईवर ओतल्या. हमीदाला आधी वाटलं, हळदीची थट्टा आहे; आमच्याकडे व्याह्यांना असलं काही काही करतात. ती हसायच्या बेतात होती. मग तिनं झुंबरबाईच्या हातातलं रिकामं निळं कापड पाहिलं आणि जिथं उभी होती तिथंच बसली. शेवयांची ताटली मांडीवर कलंडली तरी तिला कळलं नाही.

मग ती उठली. तिनं कपाट उघडलं, आणि करकर झाली तरी ती वळली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपला खण सोडून बाकीच्या खणांत पाहिलं. गाठोडी, डबे, एक बटवा, कोणाची तरी लाल रुमालातली वस्तू. एवढं सगळं आपल्या घरात होतं याचाच तिला धक्का बसला. तिनं हुमाला गल्लीत पाठवलं. बायका आल्या, आपापलं घेऊन उघडून बघायला लागल्या. सगळ्यांचं जिथल्या तिथं होतं. आणि जसजसं एकेकीचं शाबूत निघत होतं तसतसा हमीदाचा चेहरा उतरत होता.

"म्हणजे गेलं ते एकच," चुडामण म्हणाला. "नवरीचं. कोणाला तरी बरोबर माहीत होतं."

माहीत बिहीत काही नव्हतं. झुंबरबाईनं पाटल्या नुकत्याच ठेवल्या होत्या, म्हणून ती पुरचुंडी सगळ्यांत पुढं होती. पण हे त्या वेळी कोणाला सुचणार.

हुमानं फोन केल्यावर आतिफ आला. चुडामणनं एक किल्ली त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "तुझ्याच दुकानातली ना?"

"असलं भंगार प्रत्येक किल्लीवाल्याकडे असतं, मामा," आतिफ म्हणाला. "माझ्याकडेही आहे. येऊन बघा."

खरं बोलला, आणि आणखी अडकला. मग मावशीकडे वळला. "खाला, मला का नाही बोलावलं?"

"तू पैसे घेत नाहीस."

"म्हणून चोराला बोलावलं?"

हुमानं रडत रडत त्या माणसाची हकिगत सांगितली. गॅसवर लाल केलेली किल्ली, उद्यापर्यंत उघडू नका, सगळं. चुडामण म्हणाला, "सांगायला काय, कोणीबी सांगेल. कोण होता तो माणूस? कुठं आहे?" तेव्हा हुमानं सगळ्यांसमोर तोच नंबर लावला आणि आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. मग कोणी तरी उचलला.

"हां, बोलिए. कौनसा शहर?"

तोच आवाज, तीच गोड घाई. मी दारात उभी होते, तिथंवर ऐकू आला. हुमाच्या तोंडून "धुळे" एवढंच निघालं. फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

चुडामण त्या फोनकडे बघत राहिला. पण संशय एकदा तोंडातून बाहेर पडला की माणूस तो गिळत नाही. म्हणाला, "फोन कोणाचाबी असू शकतो."

आता झुंबरबाई हमीदासमोर येऊन उभी राहिली.

"तो कपाट उघडत होता, तेव्हा तू कुठं होतीस?"

"इथंच."

"त्याच्याजवळ?"

"त्याच्या खांद्याशी."

"मग तुला दिसलं नाही?"

हमीदाची नजर खिडकीकडे गेली. झुंबरबाईनं त्या नजरेमागं पाहिलं. खिडकी, गज, बाहेरचा खांब, तारेवर अजून लोंबणारी पतंगाची शेपटी. मग तिनं पुन्हा हमीदाकडे पाहिलं.

"त्याच्याकडंबी पाठ केलीस?"

"करकर झाली ना गं," हमीदा म्हणाली.

झुंबरबाई तिच्या शेजारी खाली बसली. चटईवर सांडलेल्या शेवया गोळा करून ताटलीत टाकायला लागली. मग म्हणाली, "दादा, चल. हळद वाळते तिकडं."

"आणि सोनं?"

"सोनं गेलं. हिनं नाही घेतलं. ही बघतच नाही." आणि मग, भावाकडे न बघता: "मीच सांगितलं होतं तिला, बघू नको म्हणून. मला लाज वाटायची."

चुडामणला पटलं असं मी म्हणणार नाही. पण बहिणीपुढं त्याचं काही चालेना.

हमीदानं आपल्या हातातल्या बांगड्या काढायला घेतल्या, तर झुंबरबाईनं तिचं मनगट धरलं. "युसूफभाऊंच्या आहेत त्या. घालून ये उद्या." मृणालीचं लग्न झालं. बौद्ध रीतीची पांढरी साडी, गळ्यात फुलांचा हार, आणि दुसरं काही नाही. हमीदा मागच्या रांगेत बसली होती. पंगतीत चुडामण वाढायला आला, त्यानं तिला दोनदा बुंदी वाढली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

पोलिसांत तक्रार झाली. माणूस अजून सापडलेला नाही. हुमाला मोबाइलवर तीच पाटी पुन्हा दिसली, त्याच चांदण्या, फक्त धुळ्याच्या जागी दुसऱ्या गावाचं नाव. ती मला दाखवायला आली. ती पाटी कोणी तरी रोज बघत असेल, ज्याची किल्ली आजच मोडली असेल.

लग्नानंतर बायका एकेक करून आपलं गाठोडं घेऊन गेल्या. कोणाचा जावई म्हणत होता बँकेत ठेवा, कोणाच्या सुनेनं लॉकर घेतलं होतं. हमीदाला वाईट वाटू नये म्हणून प्रत्येकीनं कारण सांगितलं, आणि प्रत्येक कारणानं तिला वाईट वाटलं. तरी दार करकरलं की ती वळायची. "झालं का गं?" "झालं." शेवटचं गाठोडं गेलं तेव्हा कपाटात फक्त युसूफची टोपी, निकाहाचा जोडा आणि घराचे कागद राहिले. मग मुलगा हसनैन आला आणि म्हणाला, अम्मी, आता जळगावला चल.

आता तू इकडं ये, हमीदा. गोष्ट संपली, आता तुझ्याशीच बोलते.

जाण्याआधी आपलं एक ठरलं होतं. ती किल्ली त्या माणसानं बनवली आहे, तिची दुसरी जोडी त्याच्याकडे असेल, तेव्हा कुलूपच बदलायचं. दोघींनी आतिफच्या दुकानात जायचं, आधी पैसे त्याच्या गल्ल्यात टाकायचे, मगच काम सांगायचं. तू म्हणालीस, ईदनंतर जाऊ. ईद झाली. मग माझा गुडघा. मग तू म्हणालीस, जळगावहून आठवड्यात येतेच, आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून एसटीत बसलीस.

परवा झुंबरबाई आली होती. मृणालीची काही तरी वस्तू आहे म्हणे, अमळनेरहून आणलेली. पदराखाली लहानशी पुरचुंडी होती. मी काही विचारलं नाही, खिडकीकडे बघत राहिले. मला म्हणाली, "हमीदाच्या कपाटात ठेवायची होती. कुलूप बदललं का?"

मी म्हटलं, नाही.

"मग बदला ना, अक्का."

म्हटलं, हमीदा आली की जाऊ. ती पुरचुंडी तशीच घेऊन परत गेली. किल्ली माझ्या टेबलावर आहे. कुलूप अजून तेच आहे.